अमावस्येला घासलेली नळी

धावडा, ता. भोकरदन
१४ जानेवारी २०२५

चि. राजनंदिनी,

तीळगूळ पोस्टाने पाठवला तर तो मुंग्यांच्याच वाट्याला जातो, म्हणून या संक्रांतीला कोरडाच आशीर्वाद घे. मोबाइलवर का कळवत नाही म्हणून तू रागावशील. पण बाई, मोबाइल कानाला लावून मला काय उपयोग? जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये तीस वर्षं काढली, कान तिथेच ठेवून आलो. आता लोक माझ्याशी चिठ्ठीवर लिहून बोलतात. माझे खिसे त्या चिठ्ठ्यांनी भरलेले असतात. तुझी मामी सदरा धुताना त्यावरून मला शिव्या घालते, पण त्या ऐकू येत नाहीत एवढा तरी फायदा आहे.

मिल सोडून गावी आलो हे तुझ्या आईने सांगितलं असेलच. का सोडली ते तिला नीट माहीत नाही. धर्मराज गेला. माझ्याबरोबर भट्टीवर बारा वर्षं होता, मस्तगडला राहायचा, तू लहानपणी मिल बघायला आली होतीस तेव्हा ज्याने तुला खांद्यावर घेतलं होतं तो. डिसेंबरच्या तीन तारखेला भट्टीचं दार उघडलं आणि आतून भडका आला. नऊ दिवस दवाखान्यात काढले बिचाऱ्याने. चौकशीच्या अहवालात लिहिलंय, कामगाराने आपल्या मनाने कोळसा वाढवला, भट्टी गरजेपेक्षा तापली, बिलेटं, म्हणजे लोखंडाचे लांब ठोकळे, एकमेकांना चिकटली, ती पहारीने सोडवायला त्याने परवानगीशिवाय दार उघडलं. म्हणजे चूक त्याचीच.

आता माझा प्रश्न. बसून बसून माणसाला नाही ते प्रश्न पडतात, त्यातलाच समज. भट्टीची धग मोजायला आत एक तार असते, आणि तार जळू नये म्हणून तिच्यावर एक नळी. त्या तारेवरून बाहेरच्या मीटरवर आकडा येतो. आता मीटर आकड्यांचं झालं, तरी आम्ही त्याला काटाच म्हणतो. साधं लोखंड बाराशे डिग्रीला महिनाभरात पापुद्रे सुटून संपतं. ही नळी मात्र वर्षानुवर्षं टिकते. ती कशामुळे? आणि तिच्यावर जी काळी खपली धरते, तो मळ असतो का अजून काही?

तू धातूचंच शिकतेस. तुझ्या मामाला समजेल असं लिही.

तुझा,
कडूबा मामा

*

नागपूर
२७ जानेवारी २०२५

ती. मामा,

तुमचं पत्र मी मैत्रिणींना वाचून दाखवलं. सगळ्यांचं म्हणणं पडलं की आपल्या सरांपेक्षा तुझे मामा चांगला प्रश्न विचारतात. धर्मराजकाकांचं वाचून मात्र पत्र खाली ठेवलं. त्यांच्या खांद्यावरून मी पहिल्यांदा लाल सळी धावताना पाहिली होती. मी आज धातूशास्त्र शिकतेय त्याला थोडं कारण ते आहेत.

तर ऐका. तापलेल्या धातूला हवेतला ऑक्सिजन खातो. लोखंडावर जो थर बसतो तो भुसभुशीत असतो, त्याला भेगा पडतात, तो गळून पडतो आणि खालचं ताजं लोखंड पुन्हा उघडं पडतं. असं करत करत सगळं संपतं. तुमच्या नळीत मात्र लोखंडाबरोबर भरपूर निकेल असतं आणि शंभरात चोवीस-पंचवीस भाग क्रोमियम. ऑक्सिजन आला की क्रोमियम पुढे होतं आणि पृष्ठभागावर स्वतःचा थर बांधतं. तो केसापेक्षाही कितीतरी पातळ, पण इतका घट्ट की ऑक्सिजनला आत शिरायला जागाच सापडत नाही. दुधावर साय धरली की खालचं दूध झाकलं जातं ना, तसं.

म्हणजे मामा, ती खपली मळ नाहीच! तीच तर नळीचं चिलखत आहे. नळी मुळात अशी बनवतात की तिने ती खपली धरावी. वर थोडी राख, काजळी बसली असेल तर फडक्याने पुसावी फार तर. पण खपलीला हात लावायचा नाही. काळी नळी म्हणजे निरोगी नळी. हे वाक्य मी परीक्षेतही लिहिणार आहे!

आई म्हणते तुम्ही नीट जेवत नाही. मामींना सांगा, मी आले की भरीत-भाकरी लागेल, आणि तुम्ही समोर बसून खायची.

तुमची,
नंदू

*

धावडा
८ फेब्रुवारी २०२५

चि. राजनंदिनी,

तुझं पत्र चारदा वाचलं. चांगलं लिहितेस.

एक विचारतो. समज, एखादा माणूस आहे. ती खपली मळ आहे असं त्याला वाटतं. भट्टी थंड झाली की तो नळी बाहेर काढतो आणि पॉलिश पेपरने घासून चांदीसारखी करतो. वर्षातून एकदा नाही, दर महिन्याला. असं साडेतीन वर्षं. तर त्या नळीचं काय होईल? आणि नळीला कुठे बारीक भोक पडलं तर आतली तार खरा आकडा दाखवेल का खोटा?

सविस्तर लिही. मन राखायला लिहू नको.

कडूबा मामा

*

नागपूर
१९ फेब्रुवारी २०२५

ती. मामा,

हे पत्र लिहायला बसले आणि तीन कागद फाडले. शेवटी आईला फोन केला. ती म्हणाली, तू दर चतुर्थीला राजूरच्या गणपतीला जातोस म्हणून घरून निघतोस, पण देवळात न जाता बाहेरच्या पायरीवर बसून परत येतोस. (लहानपणीसारखं ‘तू’ लिहून गेले, राहू दे.) मामा, तो ‘एखादा माणूस’ तूच आहेस ना?

तू विचारलंस म्हणून सांगते. एकदा घासलं तर काही होत नाही. आतलं क्रोमियम पुन्हा वर येतं, नवा थर बांधतं. पण आतला साठा काही विहिरीसारखा झिरपून भरत नाही. प्रत्येक वेळी घासलं की तितकं क्रोमियम गेलं ते गेलंच. कमी होत होत ते एका हद्दीखाली आलं की चिलखत बांधायला काही उरत नाही, मग लोखंड साध्या लोखंडासारखं जळायला लागतं आणि फार वेगाने जळतं. भोक पडलं की आतली तार बिघडते. बिघडलेली तार बहुतेक वेळा कमी आकडा दाखवते. भट्टी साडेअकराशेला असेल आणि काटा हजार-पन्नास म्हणेल.

पण हे पुस्तकातलं आहे. तुझ्या मिलमध्ये तसंच झालं असं आपण कशावरून म्हणायचं? कारणं पन्नास असू शकतात. ती नळी कुठे आहे? मिळत असेल तर पाठव. मी कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघते. तोवर स्वतःला दोष देऊ नको, आणि जेव.

नंदू

*

धावडा
३ मार्च २०२५

चि. राजनंदिनी,

‘तू’ म्हटलंस ते बरं वाटलं. तसंच लिही.

नळी माझ्याकडेच आहे. भडक्यानंतर मालकाने नवीन बसवायला सांगितली. जुनी मी सवयीने पिशवीत टाकली आणि घरी आल्यावर धान्याच्या कोठीमागे ठेवली. टोकाजवळ ज्वारीच्या दाण्याएवढं भोक आहे. आतल्या तारेसकट फडक्यात बांधून पार्सल केलंय.

आमच्या मिलमध्ये दर अमावस्येला भट्टी थंड करतात. मशीनवर नारळ फुटतो, लिंबू बांधतात. त्या दिवशी मी माझी हत्यारं धुऊन पुसून पाटावर मांडायचो, आणि मधोमध ती नळी. भट्टीत सगळ्यात आत जाऊन येणारी तीच, मग तिला मान नको? देवापुढे काळीकुट्ट वस्तू ठेवायची माझी हिंमत व्हायची नाही. म्हणून सकाळी आधी तिलाच घ्यायचो. पॉलिश पेपर गुंडाळून गोल गोल घासायचो, अंगठ्याची सालं निघायची. खंडेनवमीला तर ग्राइंडरला ब्रश लावून. मग हळदकुंकू, झेंडूचं फूल, आणि पुन्हा भट्टीत. नव्या पोरांना मी ऐकवायचो, ‘कडूबाची नळी बघा, तोंड दिसतं.’ धर्मराज हसायचा. म्हणायचा, ‘दादा, तुमी वहिनीचे भांडे घासले असते इतके, तर घरात सुख लागलं असतं.’

शेवटची घासली ती कार्तिक अमावस्येला, पहिल्या डिसेंबरला. तिसऱ्या दिवशी भडका आला.

चौकशीचे साहेब आले तेव्हा धर्मराज दवाखान्यात जिवंत होता. साहेबांनी कागदावर लिहून मला विचारलं, ‘काटा बरोबर होता का?’ मी म्हणालो, ‘बिलकुल बराबर. मी सोता चार दिसाखाली साफ करून बसिवला.’ तीस वर्षांचा माणूस, माझ्या शब्दावर कोण शंका घेणार. तिथेच धर्मराजची चूक पक्की झाली.

दैवशाला, त्याची बायको, सांगत होती की त्याने काटा बघूनच कोळसा सोडला. तिचं कुणी ऐकलं नाही. लोक म्हणाले, नवऱ्याची बाजू घेणारच. तिची पोरगी साक्षी नववीत आहे. शाळेत पोरी तिला म्हणतात, तुझ्या बापाने स्वतःच्या हाताने ओढवून घेतलं.

तू खरं काय ते बघ. जे निघेल ते लिही.

कडूबा मामा

*

नागपूर
२४ मार्च २०२५

ती. मामा,

तपासणी झाली. आधी सगळ्यात महत्त्वाचं सांगते: तुझी चूक नाही.

नळीचं लोखंडच हलकं निघालं. क्रोमियम जेवढं हवं त्याच्या निम्मंही नव्हतं. कुणीतरी पुरवठादाराने मिलला फसवलं असणार. असली नळी तू घासली असतीस काय नि नसतीस काय, ती जळणारच होती. घासण्याचा काहीएक संबंध नाही. आता मन मोकळं कर, देवळाच्या पायरीवर नको, आत जाऊन दर्शन घे. मी उन्हाळ्यात येतेच आहे. आईने कुरडया घातल्या आहेत, तुझा वाटा बाजूला ठेवला आहे म्हणाली.

तुझी,
नंदू

*

धावडा
२ एप्रिल २०२५

चि. राजनंदिनी,

तुझं पत्र आलं. मामीला वाचायला दिलं. तिने देवापुढे साखर ठेवली. मी ठेवू दिली.

आता मी तुला एक गोष्ट सांगतो, जी आधी सांगायला हवी होती. त्या भट्टीत नळ्या दोन होत्या. कोरोनानंतर भट्टी नव्याने बांधली तेव्हा एकाच खोक्यातून, एकाच दिवशी आलेल्या. दोन्ही मीच बसवल्या. एक अलीकडच्या भिंतीत, छातीच्या उंचीला. दुसरी बरोब्बर तिच्या समोर, पलीकडच्या भिंतीत, कोळशाच्या पाइपामागे. तिची तार पहिल्याच वर्षी तुटली आणि मालक म्हणाले एक पुरते, म्हणून ती तशीच राहिली. पाइपामागे हात पोचत नाही. त्यामुळे तिला साडेतीन वर्षांत कुणी हात लावला नाही.

नवी नळी बसवायला भट्टी थंड झाली तेव्हा मी पाइप खोलून ती बाहेर काढली. तव्यासारखी काळी. हातोडी मारून पाहिली, वाकली नाही. कुठे भोक नाही, चीर नाही.

तीच आग, तेच लोखंड, तितकीच वर्षं. जिला माझा हात लागला ती गेली. मग लोखंड हलकं कसं, बाई?

ही गोष्ट मला डिसेंबरमध्येच खुपत होती. ती काळी का टिकली ते कळत नव्हतं, म्हणून तर तुला जानेवारीत प्रश्न विचारला. त्या खपलीला मळ म्हणायला तोंड मिळावं अशी आशा होती.

तू माझ्यावर जीव लावतेस म्हणून खोटं लिहिलंस. राग नाही. पण त्या खोट्याने कुणा पुरवठादाराचं नाव खराब होईल, आणि धर्मराजचं तर आधीच झालंय. मला दिलासा नको, तू लिहिलेलं खरं पाहिजे. शिक्का असलेल्या कागदावर. ते घेऊन मला दोन ठिकाणी जायचंय.

कडूबा मामा

*

नागपूर
१० एप्रिल २०२५

मामा,

माफ कर म्हणायलाही लाज वाटते. मी ज्या कामाचं शिक्षण घेते त्यात एकच गोष्ट पाळायची असते, दिसलं ते लिहायचं. पहिल्याच वेळी मी ती मोडली. तू जेवायला लागशील एवढंच डोक्यात होतं.

खरं असं आहे. नळीच्या आतल्या अंगाला क्रोमियम चोवीस भाग, म्हणजे अगदी चोख माल. बाहेरच्या अंगाला, भोकाजवळ, नऊ. नळीच्या भिंतीची जाडी निम्म्याहून कमी झालेली. आणि भट्टीबाहेर राहणाऱ्या थंड टोकाकडे, जिथे धातू जळलेला नाही, तिथे गोल गोल ओरखडे दिसतात. एकावर एक, शेकडो. मामा, ते मी कितीतरी वेळ बघत बसले. तुझा हात मी ओळखते. लहानपणी माझी पाटी तू अशीच पुसायचास.

आतली तारही तपासली. ती नव्वद डिग्री कमी दाखवत होती. म्हणजे धर्मराजकाकांनी काट्यावरचा आकडा पाहून जे केलं ते बरोबर केलं. त्यांच्याकडून चूक झालेली नाही.

सरांना सगळं सांगितलं. त्यांनी सही-शिक्का देऊन कागद दिला, सोबत जोडते. त्यात नळी कुणी घासली ते लिहिलेलं नाही, फक्त ‘वारंवार घर्षण’ लिहिलं आहे. सर म्हणाले, तपासणारा धातूबद्दल बोलतो, माणसाबद्दल नाही.

तुला हे कुणी कधी शिकवलं नव्हतं. मिलने नळीबरोबर एक कागद दिला असता तर तू वाचला असतास. हे मी मन राखायला लिहीत नाही, हे खरं आहे. जाताना एकटा जाऊ नको, मामींना घेऊन जा.

नंदू

*

धावडा
३० एप्रिल २०२५

चि. राजनंदिनी,

जाऊन आलो. एकटाच गेलो. मामीला नेलं असतं तर ती रडली असती आणि सगळ्यांनी तिलाच समजावलं असतं.

मस्तगडला दैवशाला दारातच गहू निवडत होती. मला पाहून उठली, पाणी दिलं. माझ्याशी बोलायचं म्हणून साक्षीला वही-पेन्सिल घेऊन बोलावलं. मी आधी तुझा कागद साक्षीच्या हातात दिला आणि मग तोंडाने सांगायला लागलो. नळी, अमावस्या, घासणं, काट्याचा आकडा, सगळं. माझा आवाज किती मोठा होतो ते मला कळत नाही. शेजारच्या दोन बाया दारात येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा कळलं की मी ओरडतोय. मी थांबलो नाही. म्हटलं, ऐकू दे, धर्मराजची चूक नव्हती हे सगळ्या गल्लीने ऐकू दे.

मला वाटलं होतं, ती रडेल किंवा मला हाकलून देईल. दोन्हींची तयारी करून गेलो होतो. ती सुपातले खडे वेचत राहिली. मग साक्षीला काहीतरी म्हणाली. पोरीने आईकडे पाहिलं, लिहू का नको असं तिला झालं. मग लिहिलं आणि वही माझ्यापुढे केली. आई बोलली ते जसंच्या तसं लिहिलं होतं:

‘आई म्हणती, घासली ते तुमाला म्हाईत नव्हतं. पन म्या दवाखान्यात तुमाला लिहून दिल्तं. त्या कागदाचं काय केलं भाऊ?’

नंदू, ही गोष्ट मी तुझ्यापासून लपवली होती. तुला खोट्याबद्दल बोललो तेव्हाही ती माझ्या खिशातच होती.

चार डिसेंबरला संध्याकाळी मी दवाखान्यात गेलो होतो. धर्मराजच्या चेहऱ्यावर पट्ट्या, त्याचे ओठ मला वाचता येत नव्हते. तो दैवशालाला सांगत होता आणि तिने औषधाच्या चिठ्ठीमागे लिहून मला दिलं: ‘हे म्हणत्यात काट्यावर हजार चाळीस होतं म्हणून कोळसा वाढवला. दादाला सांग, काटा तपासा. साहेब येतील तवा त्यांना सांगा.’ मी वाचलं, मान हलवली आणि चिठ्ठी खिशात घातली. त्या पोराला पट्टीतून माझी मान हललेली दिसली असेल. दादाने ऐकलं, आता दादा बघतील, असं त्याला वाटलं असेल.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी विचारलं आणि मी म्हणालो, बिलकुल बराबर. चिठ्ठी तेव्हा खिशातच होती. तपासायला भट्टीही थंड होती, नळी काढायला दहा मिनिटं लागली असती. पण माझी नळी खोटा आकडा दाखवेल, हे मला कबूलच नव्हतं. तोंड दिसेल अशी घासलेली नळी. आणि खरं सांगू, थोडी भीतीही वाटली. नळी घासली ते अडाणीपण झालं, त्याला तू मिलची चूक म्हण, काही म्हण. चिठ्ठी खिशात घातली त्याला कुणाची चूक म्हणशील?

ती मी दैवशालाच्या हातात दिली. घड्यांवर विरली होती, पण अक्षर दिसत होतं. तिने ती मांडीवर ठेवून तळहाताने सरळ केली. साक्षी वाकून वाचत होती. बापाचं शेवटचं बोलणं तिने बहुतेक पहिल्यांदाच पाहिलं. मग ती माझ्याकडे बघायला लागली. पंधरा वर्षांच्या पोरीने माझ्याकडे तसं बघू नये असं वाटत होतं आणि बघावं असंही वाटत होतं.

दैवशाला उठली. पदर खोचला आणि एकच शब्द म्हणाली. तो मला ओठांवरून कळला. ‘चला.’

चौकशी कार्यालयात गेलो. मी नवीन जबाब लिहून दिला, तुझा कागद लावला, चिठ्ठी लावली. साहेबांनी कागदावर लिहून सांगितलं की अहवाल वरून बदलावा लागतो, वेळ लागेल, तुमच्यावरही काही येऊ शकतं. मी म्हणालो, येऊ द्या. दैवशालाने चिठ्ठी लावू देण्याआधी तिची झेरॉक्स काढून घेतली, दोन प्रती. एक तिने साक्षीच्या दप्तरात ठेवायला घेतली. शाळेत दाखवायला असेल.

तू विचारशील, आता बरं वाटतं का. नाही वाटत. जेवण जातं, एवढं मामीला सांगायला हरकत नाही. मिलला मी पत्र टाकलंय की नळी घासू नका, का घासू नका तेही तुझ्याच शब्दांत लिहिलंय. तुला एवढंच सांगतो, माझ्यासारखं माणूस समोर आलं तरी पुन्हा कुणाचं मन राखायला लिहू नको.

परतताना आम्ही एकाच रिक्षात होतो. ती त्या कडेला, मी या कडेला, मध्ये साक्षी. मला वाटलं, तिला काहीतरी म्हणायचं असेल. शिवी असेल तर शिवी. मी साक्षीच्या मांडीवरची वही उचलली, कोरं पान काढलं आणि पेन्सिलसकट दैवशालापुढे धरली. तिने वहीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि बाहेर बघायला लागली. मस्तगड येईपर्यंत मी ती वही तशीच धरून होतो.

कडूबा मामा